घोडीच्या चालीची गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

'नवोदित गायिका' म्हटलं की डोळ्यांपुढे विशीतली मुलगी येते. आज जिच्याविषयी बोलणार आहे, ती दोनदा नवोदित झाली. एकदा विशीत आणि दुसऱ्यांदा थेट पंचावन्नाव्या वर्षी! व्हॅश्टी बनियन तिचं नाव. आडनावाला हसू नका, इंग्लंडात ते चांगलं जुनं आडनाव आहे.

जन्म १९४५चा. रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या रॉक बँडच्या मॅनेजरने तिला हेरलं, त्याच बँडमधल्या जॅगर-रिचर्ड्स जोडीचं गाणं हाती दिलं आणि १९६५मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली. चालली नाही. पुढची दोन-तीन वर्षंही अशीच गेली.

मग १९६८मध्ये तिने शहराकडे पाठ फिरवली. डोनोवन नावाच्या गायकाने स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे जमीन घेतली होती. तिथे कलावंतांची वस्ती बसवायची, असा बेत होता. व्हॅश्टी आणि तिचा मित्र रॉबर्ट यांनी त्याच्याकडूनच पैसे उसने घेतले, बेस नावाची घोडी आणि एक जुनी गाडी घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या केंटहून उत्तरेकडे निघाले. सोबत एक कुत्रा. जवळपास हजार किलोमीटरचा रस्ता, तोही घोडीच्या पावलांनी.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. हिला गाडीवर बसल्यावर सुचली. घोडीला उद्देशून, काजव्यांवर, पाकोळ्यांवर, तळ्यातल्या कमळांवर. ऐकताना वाटतं, काय सुखाचा प्रवास असेल! तसं काही नव्हतं. पाऊस, चिखल, थंडी, अंगावरून जाणारे ट्रक. ही गाणी तिने रचली ती पुढचा मैल कापायला धीर यावा म्हणून. गाण्यातलं गाव वाटेत कुठेच नव्हतं, ते पुढे असेल अशी आशा होती. मला तरी त्या गाण्यांचा खरा गोडवा इथेच वाटतो. नुसतं निसर्गवर्णन असतं तर दोन गाण्यांत कंटाळा आला असता.

स्कायला पोचायला दुसरं साल उजाडलं. तोवर डोनोवन तिथून गेलेला.

जो बॉइड या निर्मात्याने लंडनमध्ये ही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९७०च्या अखेरीस अल्बम निघाला. खपला जेमतेम काही शे. व्हॅश्टीने गाणं सोडलं ते तीस वर्षं. पोटच्या मुलांनाही गाऊन दाखवलं नाही, असं ती सांगते.

१९९७च्या सुमारास घरी कॉम्प्युटर आला. तिने सहज स्वतःचं नाव टाइप केलं, तर काय! तिची ती पडेल रेकॉर्ड लोक चढ्या भावाने शोधत होते. २०००मध्ये अल्बम पुन्हा निघाला. विशीतले गायक तिचा सल्ला मागू लागले. जुना काळ शोधायला घोडागाडीतून निघालेली ही बाई आता त्यांच्यासाठी तोच जुना काळ झाली होती. २००५मध्ये, साठाव्या वर्षी, तिचा दुसरा अल्बम आला.

तिला लोकगायिका म्हटलेलं मात्र आवडत नाही. आम्ही रेडिओवाले म्हणतोच, कुठल्या तरी खान्यात बसवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

आता ऐकू या तिचं बेस घोडीसाठीचं गाणं. रेडिओचा आवाज जरा वाढवा, ती फार हळू गाते.