नांदूरमधमेश्वर : वीतभर पाण्याचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी नांदूरमधमेश्वरचा दगडी बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांधलेल्या या बंधाऱ्याचा परिसर १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पक्षी इथे का येतात आणि ते येत राहावेत यासाठी नेमके काय सांभाळावे लागते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या साठ्यापेक्षा पाण्याच्या खोलीत अधिक आहे.

बंधारा बांधला गेला तो कालव्यांसाठी. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. पुढे दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ भिंतीमागे साठत गेला, पात्र उथळ होत गेले, मध्ये लहानमोठी बेटे तयार झाली, काठाला पाणकणीस आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण जितका गाळ तितका पाण्याचा साठा कमी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या कोरड्या मुलखात हजारो पक्ष्यांना चारा मिळतो तो मात्र याच गाळामुळे. किडे, अळ्या, गोगलगाई, शिंपले आणि पाणवनस्पतींची मुळे हे सारे याच उथळ चिखलात असते.

चापडगावच्या बाजूने सकाळी दुर्बीण लावून बसले की ही गोष्ट डोळ्यांना दिसते. इवलेसे तुतवार पक्षी ओल्या चिखलावर, फार तर बोटभर पाण्यात धावत टिपण करतात. शेकाट्याचे गुलाबी पाय लांब असल्यामुळे तो थोडा पुढे, पोटाला पाणी लागणार नाही इतक्या खोलीपर्यंत जातो. थापट्या बदकांचा थवा एकाच जागी गोल गोल फिरताना दिसला, तर त्यांच्या चोचींकडे जरूर पाहावे. पुढे पसरट झालेल्या चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते. पाणी आत घ्यायचे, कडेने बाहेर सोडायचे आणि झालरीत अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे, असे त्यांचे काम अखंड चालू असते. तलवार बदक शेपटी वर करून डोके पाण्यात खुपसते. त्याची मान जिथवर पोहोचते तिथवरच त्याचे अन्न. वारकरी आणि पाणकावळे बुडी मारू शकतात, म्हणून त्यांना खोल पाणी चालते. बहुतेक पाहुण्या बदकांचा आणि चिखलपक्ष्यांचा संसार मात्र वीतभर पाण्यात चालतो. पातळी एकाएकी हात-दोन हात वाढली, तर अन्न आहे तिथेच राहते, पण पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर जाते.

पाणी ओसरण्याची गतीही तितकीच महत्त्वाची आहे. पातळी सावकाश उतरली, तर रोज काठाला ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि चिखलपक्ष्यांना महिनोन्‌महिने ताजे अन्न मिळत राहते. आवर्तनासाठी, म्हणजे सिंचनाच्या पाळीचे पाणी कालव्यांना सोडण्यासाठी, एकदम मोठा विसर्ग झाला, तर पुष्कळसा चिखल एकाच वेळी उघडा पडतो, थोड्याच दिवसांत वाळून त्याला भेगा पडतात आणि त्यातले जीव मरून जातात. पाण्याचे नियोजन जलसंपदा विभागाकडे आहे आणि पक्ष्यांची जबाबदारी वनविभागाकडे. शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी पक्ष्यांसाठी राखून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. निफाड आणि सिन्नर भागातील ऊस, द्राक्षे आणि कांदा या पाण्यावर उभे आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. डिसेंबर ते मार्च या काळात पातळी किती आणि कोणत्या गतीने उतरवायची, हे दोन्ही विभागांनी काठावरच्या गावांना सोबत घेऊन हंगामापूर्वी ठरवावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि मला ती अवाजवी वाटत नाही.

याच पट्टीवर आणखी एक ताण असतो, तो गाळपेरीचा. पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या सुपीक जमिनीत पीक घेण्याची पद्धत जुनी आहे आणि ती अनेक कुटुंबांना आधार देते. परंतु पाण्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर गेला, फवारणी झाली आणि मोटारी बसल्या, तर चिखलपक्ष्यांना जागाच उरत नाही. पाण्यालगतचा थोडा पट्टा न पेरता सोडला, तरी पुष्कळ काम होईल.

जलपर्णीबद्दल थोडक्यात सांगतो. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे. शहराचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते तिला पोसतात, आणि पोषक पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिचा जाड थर पसरला की खाली प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि बदकांना उतरायला मोकळे पाणी राहत नाही. यंत्राने ती काढणे आवश्यक आहेच, पण वरच्या अंगाला नाशिक शहराचे सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता नदीत येत राहील, तोवर काढलेली जलपर्णी पुन्हा उगवणारच. मात्र काठची सगळीच हिरवाई सरसकट साफ करणे हीदेखील चूक ठरेल, कारण जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या दाटीत घरटे बांधते आणि कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो.

प्राणवायू कमी झालेल्या उबदार पाण्याचा धोका किती मोठा असू शकतो, हे राजस्थानातील सांभर सरोवरात दिसले. तिथे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये १८ हजारांहून अधिक पक्षी मेले आणि तपासणीत कारण निघाले बॉट्युलिझम. या रोगाच्या जिवाणूचे विष मेलेल्या पक्ष्यात तयार होते, त्यावर वाढलेल्या अळ्यांत साठते, त्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि साखळी चालू राहते. ती तोडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मृत पक्षी लवकर उचलून त्यांची योग्य विल्हेवाट लावणे. म्हणून एका जागी चार-पाच मेलेले किंवा मान टाकलेले पक्षी दिसले, तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी वनविभागाला कळवावे, अशी काठावरच्या शेतकरी आणि मच्छीमार बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे.

पाहुणे परतल्यावर उन्हाळ्यात नदीवरच्या रहिवाशांची पाळी येते. नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा, डोक्यावर काळी टोपी असलेला देखणा पक्षी जगभरात धोक्यात आला आहे. तो घरटे बांधत नाही. बेटावरच्या वाळूत उथळ खळगा करून त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. ती वाळूत इतकी मिसळून जातात की पायाखाली आली तरी कळत नाहीत. मार्च ते मे हा त्याच्या विणीचा काळ, आणि आवर्तने सुटण्याचाही. वरून सोडलेले पाणी येऊन पातळी हातभर वाढली की खळगा बुडतो. पाणी फार उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात. अशा बेटांवर या तीन महिन्यांत गुरे उतरू न देणे आणि वाळूउपसा पूर्ण थांबवणे, हे तरी आपल्या हातात आहे.

शेवटी पक्षिगणनेविषयी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि आपल्याकडेही अनेक हौशी निरीक्षक तिच्यासाठी पहाटेच्या थंडीत काठावर उभे राहतात. मात्र एखाद्या वर्षी बदके कमी दिसली, की संख्या घटली असा निष्कर्ष लगेच निघतो. प्रत्यक्षात त्या आठवड्यात पाणी खोल असल्यामुळे ती शेजारच्या तलावावर गेलेली असू शकतात. गणनेच्या तक्त्यात पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची बंधाऱ्याची पातळी लिहिण्यासाठी एक रकाना ठेवावा आणि ती पातळी जलसंपदा विभागाने निरीक्षकांना त्याच सकाळी कळवावी. असे काही वर्षे झाले, तर कोणत्या पातळीला कोणते पक्षी येतात हे आपल्याला आपल्याच नोंदींवरून सांगता येईल, आणि आवर्तनाच्या बैठकीत पक्ष्यांच्या बाजूने बोलताना हातात आकडे असतील.

नमस्कार.