एकटा झुमका, तुटलेला तन्मणी आणि आपली पहिली माळ

(तळहातावर एकच झुमका, कॅमेऱ्याच्या जवळ.)

याचा जोडीदार ठाणे स्टेशनात गेला. गाडीत चढताना ओढणी कुणाच्या तरी बॅगेत अडकली, आणि एक कान हलका लागतोय हे कळलं तेव्हा मुलुंड आलं होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. तेव्हापासून या रुळांवर किती कानातली पडली असतील, देव जाणे.

नमस्कार मंडळी. नौपाड्यातलं माझं स्वयंपाकघर, ओट्यावर कुकर गार होतोय, म्हणून आज टेबल माझं. हा एकटा झुमका, मावशीचा तुटलेला तन्मणी आणि एका काळ्या पडलेल्या बेन्टेक्सच्या गळ्यातल्याची मागची साखळी, या तिघांची आज एक माळ करायची आहे. तन्मणी म्हणजे मोत्यांचे सर आणि मध्ये एक पदक, त्या पदकाला ‘खोड’ म्हणतात. भट्टी नाही, डाग देणं म्हणजे धातू तापवून सांधणं नाही. आयुष्यात कधी पक्कड हातात धरली नसेल तरी चालेल.

पण आधी एक शब्द. आपल्याकडे जुना दागिना म्हटलं की पुढचा शब्द येतो तो ‘मोडणं’. घर घेताना पाटल्या मोडल्या, इंजिनिअरिंगच्या फीसाठी गोठ मोडले. मोडीत गेलेला दागिना वितळतो, तो पुन्हा दिसत नाही. म्हणून तन्मणी मागितला तेव्हा मावशीने आधी हेच विचारलं, “मोडणार आहेस का गं?” म्हटलं, नाही, उसवणार आहे. मावशीने चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत, तिला लगेच कळलं. उसवताना आपण कापड फाडत नाही, टाके काढतो. दागिन्याचंही तसंच करायचं. कडी उघडायची, दोरा काढायचा. मण्याला, पदकाला, खोडाला कात्री नाही, कानस नाही, गोंद तर अजिबात नाही. पहिले पाच-सहा दागिने एवढा एकच नियम पाळून करा. आवडलं नाही तर संध्याकाळी सगळं पुन्हा सुटं.

(पत्र्याचा डबा टेबलावर रिकामा करत.)

घरोघरी असतो हा डबा. एकेकटी कुडी, फिरकी नसलेलं टॉप, तुटलेली बोरमाळ, लग्नात भेट आलेला आणि कधीच न घातलेला सेट. आधी यातलं काय उसवायचं नाही ते बाजूला काढा. सोनं बाजूला. पण सोनं ओळखायचं कसं? चुंबक लावून बघतात लोक. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे, एवढं खरं. न चिकटलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ, तांबं, चांदी यांतलंही काही चुंबकाला चिकटत नाही. आणि रंगावर तर मुळीच जाऊ नका. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे ती उठली, पण त्या काळात ज्यांची लग्नं झाली त्यांच्या डब्यात चौदा कॅरेटचं काही सापडू शकतं. त्यात सोनं साधारण ५८ टक्के, त्यामुळे बावीस कॅरेटच्या शेजारी ठेवलं तर ते निस्तेज दिसतं. आजीची ‘पितळी’ अंगठी म्हणून तिच्यावर हात चालवायला जाल आणि ती सोन्याची निघेल. शंका आली की सोनाराकडे कसोटीवर घासून आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, लाख भरलेले मणी. जुन्या बोरमाळेत, मोहनमाळेत लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला असतो. अशी माळ स्वच्छ करायला गरम पाण्यात टाकली की आतली लाख मऊ होते आणि मण्याचा आकारच बसतो. तिसरं, कुंदनासारखे मागून चमकी लावलेले खडे. पाणी मागे शिरलं की खडा कायमचा काळवंडतो. आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून घेतलेलं जे काळपट असतं ना, तो काळेपणा मळ नाही, तो मुद्दाम चढवलेला आहे. भांडी घासायच्या पावडरीने त्याला उजळवलंत तर खालून जे निघेल ते तुम्हाला नको असेल.

आता मोती. खरा मोती दातावर हलकेच घासला तर बारीक रवाळ लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. दात नको वाटत असेल तर भोकापाशी भिंगाने बघा, खोट्याचा मुलामा तिथे सालीसारखा सुटलेला असतो. मावशीचे मोती काचेचे निघाले. मावशीला धक्का, मला हायसं. कारण खरा मोती आणि पोवळं म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूच्याच जातीतलं. लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. त्यांना फक्त ओलसर मऊ फडकं, आणि अत्तर-स्प्रे सगळं झाल्यावर, शेवटी गळ्यात.

(ताटात पंचा अंथरून.)

काम ताटात करायचं, ताटात पंचा. हे मी शिकले कसं ते सांगते. पहिल्यांदा मी एक माळ अशीच फरशीवर बसून उसवली, दोरा कापला, आणि मोती जे सुटले ते थेट फ्रिजखाली. ते तरी काठीने काढले. खरा घोळ वेगळाच होता. त्या माळेत मोती एकसारखे नव्हतेच. मध्ये मोठे, कडेला लहान होत गेलेले, पण फरक इतका बारीक की ओवलेले असताना लक्षात येत नाही. फोटो काढला नव्हता. दोन संध्याकाळी पट्टी घेऊन बसले, तरी ती उतरण पुन्हा जमली नाही. आता आधी फोटो, पट्टी शेजारी ठेवून, पुढून आणि मागून. मग एका टोकाची गाठ सोडायची आणि मोती त्याच क्रमाने पंचाच्या घडीत उतरवत जायचे.

तन्मणी असाच उसवला. मधलं खोड कापसात गुंडाळून डबीत ठेवलंय. त्याला मी हात लावणार नाही, ते मावशीचं. सरांमधून पाच मिलिमीटरचे मोती निघाले ४१, बाकी सगळे तीनचे आणि चारचे. मग हिशेब केला. गळ्यालगत बसणारी माळ साधारण सोळा इंच, म्हणजे ४० सेंटिमीटर. ४० मोती गुणिले पाच मिलिमीटर, २० सेंटिमीटर. अर्धीच माळ! पण मानेमागे मोती कुणाला दिसतात? केसच तर असतात तिथे. मागे दहा-दहा सेंटिमीटर साखळी, पुढे वीस-वीस मोती, मध्ये झुमका. नवीन काही विकत न घेता माळ पुरी होते. एक मोती उरतो, त्याचं नंतर बघू.

हत्यारं म्हणाल तर निमुळत्या तोंडाच्या दोन पकडी, एक तार कापायची कातर. माझं सगळं पाचशे रुपयांच्या आत झालं. कड्या, लॉक, तार हे जांभळी नाक्याच्या गल्ल्यांत कटलरीच्या दुकानांतून विचारत फिरा. ढिगाने हवं असेल तर सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून भुलेश्वर. पण नवशिक्यांनी पहिल्याच महिन्यात भुलेश्वर गाठू नये. मी गेले होते. अजून ते मणी कपाटात आहेत.

(दोन्ही हातांत पकडी, कडी अगदी जवळून.)

ही कडी. दुकानात ‘जंप रिंग’ म्हणायची. सगळं कसब खरं तर इथेच आहे. कडीला एक फट असते. ती फट डावी-उजवीकडे ताणून उघडायची नाही. तशी उघडलीत की गोल बिघडतो आणि पुन्हा कधीच नीट मिटत नाही. फटीच्या दोन बाजूंना दोन पकडी, आणि एक हात स्वतःकडे, दुसरा लांब. दाराची पानं आत-बाहेर होतात तसं. मिटवताना उलट, आणि थोडं पलीकडे नेऊन परत आणायचं, म्हणजे टोकं एकमेकांना घासून बसतात. बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. मिटवल्यावर फटीवरून नख फिरवा. नख अडकलं तर दोराही अडकणार, आणि एक दिवस माळही पडणार. दहा-बारा कड्या नुसत्या उघडमीट करा, मगच दागिन्याला हात लावा.

आता ओवणं. खरे मोती असते तर रेशमी दोऱ्यात, दर मोत्यानंतर गाठ मारून गाठवले असते. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच घरंगळतो. काचेला मला ‘गिअर वायर’ बरी वाटते, प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्टीलची बारीक तार. टोकाला गाठ नाही मारायची, छोटा क्रिंप मणी, म्हणजे चेपून बसवायचा धातूचा बारीक मणी, घालायचा. तार क्रिंपमधून, मग साखळीच्या कडीतून, परत त्याच क्रिंपमधून, आणि उरलेलं शेपूट पुढच्या दोन-तीन मोत्यांत लपवायचं. मग पकडीने क्रिंप चेपायचा. दुसऱ्या बाजूचा क्रिंप चेपण्याआधी माळ टेबलावर सरळ ठेवू नका, गळ्यात असते तशी वळवून धरा. सरळ धरून ताणून चेपलीत तर घातल्यावर ती काठीसारखी उभी राहते आणि तार मुरगळते. एखाद्या मिलिमीटरची ढील राहू द्या.

वीस मोती, मग मधली कडी, पुन्हा वीस मोती. कडी तारेतून मोकळी फिरली पाहिजे.

आता झुमका. कानात अडकवायचा हूक त्याच्या कडीतून सोडवून घेतला, जपून ठेवला. झुमका मधल्या कडीत अडकवला आणि… बघा. आडवा! नक्षी खांद्याकडे, कड पुढे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी झुमकाच पिरगाळायला निघाले होते. थांबा. दोन कड्या एकमेकींत अडकवल्या की त्या काटकोनात बसतात. म्हणजे मध्ये आणखी एक कडी घातली की झुमका एक चतुर्थांश फिरतो. घातली. आला समोर. पदक उलटंसुलटं बसतंय अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्या दहातल्या नऊ माळांना एक कडी कमी किंवा एक जास्त असते, माझ्या बघण्यात तरी.

गोंदाबद्दल एवढंच, कारण कुणीतरी विचारणारच. झुमक्याच्या वरचा एक खडा पडलाय. झटपट चिकटवायच्या गोंदाने मी पूर्वी एका टॉपचा खडा बसवला होता. दुसऱ्या दिवशी खड्याभोवती पांढरी बुरशीसारखी वाफ. तो गोंद सुकताना उडतो आणि चकचकीत पृष्ठभागावर पांढरा थर बसतो. म्हणून ती जागा आज रिकामीच ठेवलीय. जुनं आहे, दिसू दे जुनं.

(माळ गळ्यात घालून.)

मागे लॉक आणि दोन इंच जादा साखळी, म्हणजे साडीच्या गळ्याला वर, कुर्त्याला खाली. तो उरलेला एकेचाळिसावा मोती या साखळीच्या टोकाला लटकतोय, मानेवर गार लागतो. तीन-चार मिलिमीटरचे मोती औषधाच्या रिकाम्या बाटलीत, वर चिठ्ठी, तारीख. तन्मणी पुन्हा हवा झाला तर ही माळ उसवायची, फोटो समोर ठेवायचा आणि ओवायचा.

काल संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने माळ पाहिलीच नाही नीट. म्हणाली, “बाकीचे मोती किती आहेत ते मोजून ठेव, आणि त्या खोडाची डबी उघडून दाखव आधी.”