दिवेलागणीची वीज

[दृश्य: चिपळूणजवळचं अंगण. तिन्हीसांजा. तुळशीपुढे पणती.]

आई तुळशीपुढे दिवा लावते आणि आत येऊन ओटीवरचा बल्ब लावते. शेजारी टीव्ही सुरू होतो, पलीकडे मिक्सर, रस्त्यावर दिवे. आमच्या पडवीच्या पत्र्यावर सौर पॅनल आहे. दुपारभर त्याने भरपूर वीज दिली. नेमकं आत्ता, सगळं गाव विजेला हात घालतंय तेव्हा, ते थंड पडलंय.

देशाचंही असंच आहे. २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू आणि तेलाशिवाय चालणाऱ्या प्रकल्पांचा झाला. ही मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा आनंद आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. दर दहा युनिटांमागे सातेक युनिटं आजही कोळशाचीच असतात. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पेटवायला कित्येक तास जातात. म्हणून संध्याकाळी तो हाताशी हवा, तर भर दुपारी उन्हातही त्याला मंद आचेवर जळत ठेवावं लागतं. कोळसा दिवसभर जळतो, त्याचं एक मोठं कारण ही दिवेलागण आहे.

[दृश्य: पोफळी. डोंगराच्या पोटात जाणारा बोगदा.]

या वेळेला धावून येणारी वीज कशी असते, ते पोफळीत बघावं. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. ते शिवसागर जलाशयात अडवलं, बोगद्यातून सह्याद्री पार करून कोकणात उतरवलं. डोंगराच्या पोटातल्या वीजघरात ते जनित्रं फिरवतं, मग कोळकेवाडीच्या धरणात थांबतं आणि तिथून खाली येताना आणखी एकदा वीज देतं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. राज्यात कुठून किती वीज घ्यायची ते ठरवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून सांगावा आला की काही मिनिटांत इथली जनित्रं फिरू लागतात.

मग कोयना दिवसरात्र का चालवत नाहीत? कारण पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली. एवढं पाणी पुरवून पुरवून वापरायचं, म्हणून ते गरजेच्या वेळेसाठी राखतात. घरात तूप जपून वाढतात, तसं.

काम झालेल्या या पाण्याला आमच्याकडे अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीत येतं, चिपळूणवरून जातं आणि दाभोळला समुद्राला मिळतं.

[दृश्य: दाभोळची खाडी. पलीकडे अंजनवेल.]

खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा वायू प्रकल्प उभा आहे. एन्रॉनचा प्रकल्प म्हणून सगळा महाराष्ट्र त्याला ओळखतो. १९९९ मध्ये तो नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावर, सुरू झाला आणि विजेच्या दरावरून वाद पेटून २००१ मध्ये बंद पडला. पुढे नव्या कंपनीच्या हाती गेला, वायूवर आला. पण जहाजातून द्रवरूप वायू उतरवायच्या धक्क्याला लाटा अडवणारा बांध अपुरा होता. त्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे. ऊन-वारा बेभरवशाचे आणि इंधन खात्रीचं, असं कुणी म्हणालं की मला हा रिकामा धक्का आठवतो.

दक्षिणेला जयगडला १२०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प आहे. कोळसा समुद्रमार्गे येतो. आजूबाजूला हापूसच्या बागा. मोहोरावर काय परिणाम होईल या काळजीने बागायतदार दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

[दृश्य: आषाढातला पाऊस. पॅनलवरून वाहणारं पाणी.]

आता आमची खरी अडचण. तीन किलोवॅटचं पॅनल लख्ख उन्हात दिवसाला बाराएक युनिटं देतं. आषाढात झड लागली की दोन-तीनवर येतं. मी छत्री धरून मीटर बघायला जातो आणि आकडा जागचा हललेला नसतो. पण त्याच दिवसांत घाटमाथ्यावर, कोयनेच्या वरच्या अंगाला वनकुसवडे पठारावर, पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरत असतात. खाली धरणं भरत असतात. पावसाळ्याचं उत्तर पावसाळ्यातच आहे. रोजच्या संध्याकाळचं मात्र बांधून काढावं लागेल.

[दृश्य: घाटघर. सह्याद्रीचा कडा.]

ते बांधून दाखवलेलं आहे. घाटघरला कड्याच्या वर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात दुसरं. वीज स्वस्त आणि मुबलक असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडायचं. १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि तेच यंत्र पंपही होतं नि जनित्रही. शंभर युनिटं खर्चून पाणी चढवलं, तर पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात. मला हा तोटा परवडणारा वाटतो, कारण एरवी दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शिवाय पाणी तेच तेच फिरतं, अवजलासारखं समुद्रात जात नाही.

कोकणच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत सलग उभी आहे. अशा आणखी जागा निघतील. पण त्या जागांवर जंगल आहे, वाड्या आहेत. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली, त्यांतल्या माणसांचा जमिनीसाठीचा लढा साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही. कोळसा जायलाच हवा. पण त्याच्या जागी येणाऱ्या विजेसाठी पुन्हा कुणाचं घर आधी बुडू नये. आधी जमीन हातात, मग पाणी अडवा.

[दृश्य: रात्र. दाभोळहून धोपाव्याला निघालेली फेरीबोट.]

बोटीखालच्या पाण्यात आज संध्याकाळी पोफळीतून सुटलेलं पाणी केव्हातरी येऊन मिळेल. घरी आईने ओटीवरचा बल्ब मालवलाय. तुळशीपुढची पणती अजून तेवतेय.