बिदर, आपला जुना जिल्हा

(दृश्य: उदगीर रेल्वे स्थानक. थंडीची सकाळ. गणवेशावर स्वेटर घातलेली मुलं, हातात डब्याच्या पिशव्या.)

आदल्या दिवशी वर्गात सरांनी विचारलं होतं, "बिदर कुणी कुणी पाहिलंय?" चारच हात वर झाले. त्यातले तीन दवाखान्याच्या निमित्तानं जाऊन आलेले. चौथा म्हणाला, "सर, मी नुसतं स्टेशन बघितलंय. हैदराबादला जाताना."

उदगीर तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. बिदरजवळची एक सरकारी कन्नड शाळा यंदा तिची जोडशाळा झाली आहे. आधी इकडच्या मुलांनी तिकडे जायचं, मग तिकडच्यांनी इकडे. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमान येतं. इथं पॅसेंजर गाडी आहे आणि प्रवास दीड-दोन तासांचा.

तरी पोरांच्या लेखी हे परराज्यच. एकानं घरून विचारून आणलं होतं, "तिथं आपले पैसे चालतात ना?"

(दृश्य: धावती गाडी. खिडकीतून तुरीची आणि ज्वारीची रानं.)

कमालनगर आलं. सीमा कधी ओलांडली ते कुणाला कळलं नाही. रानं तीच, काळी माती तीच, बांधावरची देवणी गाईसुद्धा तीच. फक्त स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं गोल झाली होती. मुलं खिडकीशी गोळा झाली आणि ती गोल अक्षरं वहीत उतरवू लागली. कुणी कमालनगरचा 'क' चित्रासारखा काढला.

इथं थोडं मागं जायला हवं. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके पूर्वी बिदर जिल्ह्यातच होते, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. पुढं 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि जिल्ह्याचे वाटे पडले. हे तीन तालुके मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. हे तालुके आज ज्यात आहेत तो लातूर जिल्हा झाला 1982 साली. म्हणजे या पोरांच्या पणजोबांना कोर्टकचेरीचं काम निघालं की शिदोरी बांधून ते जायचे बिदरलाच. पोरं परगावी निघाली होती ती आपल्याच जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही हे चित्रीकरण हाती घेतल्यावरच नीट कळलं.

(दृश्य: शाळेचं पटांगण. स्वागत.)

स्वागताचा कार्यक्रम झाला तसा झाला. हार, नारळ, भाषणं, इकडच्यांचं लेझीम, तिकडच्यांचा कोलाट. दोन्हीकडची मुलं एकमेकांकडे चोरून बघत, आपापल्या रांगेत ताठ.

रांगा मोडल्या त्या दुपारच्या जेवणाला. सरांनी पाठ करून घेतलेलं "निन्न हेसरु एनु?", म्हणजे तुझं नाव काय, कुणाच्या तोंडून नीट फुटेना. ताटात तूप वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुप्प?" एक पोरगा थबकला. "तूपच म्हणायल्या की!" मग खेळच सुरू झाला. अक्का तिकडंही अक्का, अण्णा तिकडंही अण्णा. तिकडच्या मुलांना सकाळी शाळेत दूध मिळतं, कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतून, हे ऐकून आमच्या मंडळींनी सरांकडे जरा तक्रारीच्या नजरेनं पाहिलं.

आणि या गोंधळात एक मुलगी उठून पुढं आली. हिच्या घरी आज्जी कन्नड बोलते. मागं एकदा वर्गात पाण्याला 'नीर' म्हणून गेली होती, तेव्हापासून तिला 'कानडी' चिडवायचे. तिनं घरची भाषा घरीच ठेवली. बिदरच्या त्या व्हरांड्यात मात्र सगळ्यांना तीच हवी होती. "ये, याला विचार ना, क्रिकेट खेळतो का." "ये, हिला सांग, तिच्या बांगड्या भारी आहेत." तिचा घास ताटातच राहिला. चिडवणाऱ्यांतला एक जण तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला. तो पेला देताना काय म्हणाला, ते आमच्या माईकवर आलेलं नाही.

(दृश्य: बिदरी कारागिराचं दुकान. हातोडीचा बारीक ठोका.)

दुसऱ्या दिवशी बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा पाहिला, 1472 सालचा. भिंतीवर अजून तग धरून असलेल्या निळ्या फरशा पाहिल्या, उरलेला एकुलता मिनार पाहिला. पण पोरं रमली ती बिदरीच्या दुकानात.

जस्त आणि थोडं तांबं, यांचं ओतीव भांडं. त्यावर छिन्नीनं नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. इथवर भांडं राखाडीच असतं. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्यात ते तापवायचं. जस्त काळंभोर होतं, चांदी जशीच्या तशी चमकते. माती साधी चालत नाही. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली लागते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात.

यावर उदगीरच्या पोरांचा प्रश्न ठरलेलाच होता. "चाचा, आमच्याकडं पण किल्ला आहे. त्याची माती चालेल का?"

कारागीर हसले. "लाके दिखाव. चाटके बताता."

हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. दख्खनी उर्दू मराठवाड्यातल्या बाजारात रोज कानावर पडते. 'हौ' आणि 'नक्को' एवढ्या दोन शब्दांवर तासभर गप्पा चालल्या. मराठी मुलं, कन्नड मुलं आणि मधे तिसरीच भाषा.

(दृश्य: उदगीर तालुक्यातलं शेत. कडब्याची कोपी.)

परतीची भेट मार्गशीर्ष अमावास्येला ठरली. येळवस. या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, माणसं सगळी रानात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. शिक्षकांनी पाहुण्यांसाठी माहितीचा कागदही तयार ठेवला होता.

तो वाचायची वेळ आली नाही. कोपीभोवती आंबील शिंपडत फेरा सुरू झाला, इकडच्या पोरांनी आरोळी दिली, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" आणि बिदरची पोरं त्यांच्या मागं धावत सुटली. तीच आरोळी, उच्चार थोडे वेगळे. त्यांच्याकडं ही एळ्ळ अमावास्या. इकडं पिढ्यान्‌पिढ्या लोक ही ओळ ओरडतात आणि तिचा अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात.

त्या मुलीची आज्जी बांधावर बसली होती. तिनं एका पाहुण्या मुलाला जवळ बोलावून गाव विचारलं. त्यानं भालकी तालुक्यातल्या गावाचं नाव घेतलं. आज्जीनं ते दोनदा वदवून घेतलं. तिचं माहेर त्याच्या शिवेला लागून. मग ती कन्नडमध्ये भराभर काय काय विचारत राहिली: विहीर, वड, कुणाचं तरी घर. पोरगा बारा वर्षांचा, त्याला निम्मं ठाऊक नव्हतं, तरी तो मान डोलवत होता. नात मधे बसून मराठी करून सांगत होती, पण एका जागी थांबली. म्हणाली, "हे नाही सांगत. हे आज्जीचं आहे."

आम्ही कॅमेरा खाली ठेवला. तसंही आज्जीनं आमच्याकडं वळून "ऊट माडरी", जेवून घ्या, म्हटलं होतं, आणि पत्रावळी मांडून झाल्या होत्या.