अशक्तपणाची वेळ विचारा
(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मज्जासंस्थेच्या पेशी आणि स्वयंप्रतिकार आजार’, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते ते आजार. हे वाचूनही हॉल भरलाय, म्हणजे तुम्हाला उत्सुकता आहे, नाहीतर बाहेर पाऊस आहे. (हशा)

पेशींवर येतोच, पण आधी माझी जुनी तक्रार. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की पेशंट, नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा एकाच सुरात म्हणतात, ‘एक सलाईन लावूया.’ अहो, ते मीठ-पाणी आहे! अशक्तपणा कुठल्या वेळी येतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

मिरज तालुक्यातल्या एक बाई होत्या. सकाळी धुणं, भांडी, रानातलं काम, सगळं नीट. तिन्हीसांजेला पापण्या खाली यायच्या, एकाचे दोन दिसायचे, भाकरी चावता चावता जबडा थांबायचा. मग हनुवटीला हाताचा टेकू द्यायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘सैपाकाच्या वक्तालाच बरं हिला हुतंय!’ दवाखान्यात न्यायचे सकाळी दहाला. रात्रीची झोप झालेली, बाई ठणठणीत. रक्त कमी आहे, टेन्शन घेताय, लावा सलाईन. कितीतरी महिने हेच चाललं. शेवटी नवऱ्यानं रात्री आठ वाजता मोबाइलवर फोटो काढला आणि तो घेऊन माझ्याकडे आला. रक्ततपासणी नंतर झाली, पण निदान त्या फोटोतच होतं : मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकवणारा आजार. ओपीडी संध्याकाळीही असावी असं मी तेव्हापासून म्हणतोय. ऐकतो कोण?

नागपंचमीचं शिराळा आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे पुढचं तुम्हाला पटकन कळेल. नाग चावला की पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून. स्नायूवर त्याच्या ठरलेल्या जागा असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं नागाचं विष त्या जागा अडवतं. मायस्थेनियात हे काम आपल्याच शरीरातली, एरवी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) करतात, आणि वर सीटही उखडून नेतात! आता, स्नायू सारखा वापरला की दर निरोपामागे सुटणारं ॲसिटिलकोलीन थोडं घटतं. निरोगी माणसाकडे शिल्लक भरपूर, त्याला पत्ताही लागत नाही. या बाईंची शिल्लक संपलेली, म्हणून संध्याकाळ वैरी.

हे साम्य मी जुळवलेलं नाही. 1934 साली इंग्लंडमध्ये डॉ. मेरी वॉकर यांना हा आजार क्युरारे या विषाच्या बाधेसारखा वाटला. त्यांनी त्यावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला आणि पेशंटची ताकद काही वेळापुरती परतली. 1973 मध्ये संशोधकांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंवरच्या या जागा कमी झाल्याचं दाखवलं, तेही आपल्या मण्यारीच्या जातभाईच्या विषातला घटक वापरून. आजही नागदंशात निओस्टिग्मिन देतात आणि मायस्थेनियात त्याचंच भावंड, पायरिडोस्टिग्मिन.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य विषय आता सुरू. (हशा)

श्वान (Schwann) नावाच्या पेशी मज्जातंतूभोवती मायलिनचं आवरण गुंडाळतात. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजारात, बहुतेकदा हल्ला या आवरणावर होतो, काही प्रकारांत थेट तंतूवर. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये याची साथ आली तेव्हा कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. या जंतूच्या अंगावरची साखर आपल्या मज्जातंतूवरच्या साखरेसारखी दिसते, आणि जंतूसाठी बनलेली प्रतिपिंडं घरच्यांवरच उलटतात. इथे संध्याकाळची वाट पाहू नका. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पाय लुळे पडत वर चढायला लागले, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं, दोन्ही लवकर सुरू केलेलं बरं.

मायस्थेनियाच्या पेशंटनं प्रत्येक डॉक्टरला आजाराचं नाव आधी सांगावं. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं त्यांना बाधतात. छातीचा सीटी स्कॅनही करावा, थायमस ग्रंथीत गाठ असू शकते. मल्टिपल स्क्लेरॉसिस राहिलंच. त्यात मेंदू आणि मज्जारज्जूतलं आवरण झिजतं, ते बनवणाऱ्या पेशीही वेगळ्या, ऑलिगोडेंड्रोसाइट. त्याला अख्खं व्याख्यान लागेल. अध्यक्ष उभे राहिलेत. विचारा प्रश्न, सलाईनचा सोडून.