आधी इथे काय बनायचं?

मंडळी, संयोजकांनी विषय दिला, 'जुन्या कारखान्यांच्या वस्तीत घर घेताना'. मी बांधकामातली तज्ज्ञ नाही. अशा एका लहानशा वस्तीत घर घेतलं, अकरा वर्षं तिथे राहते आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं चुका निस्तरण्यात गेली, एवढ्याच भांडवलावर बोलणार आहे.

सुरुवात एका फरशीपासून करते. राहायला गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात बैठकीतली एक फरशी सुटली. मिस्त्रीने बसवली, पुन्हा सुटली. दुसरा मिस्त्री आणला, त्याने पहिल्याला नावं ठेवली, नवा माल वापरून बसवली आणि तीही सुटली. तेव्हा कुठे आम्ही खालचं काँक्रीट नीट पाहिलं. ताटाएवढा काळा डाग होता. बोट फिरवलं तर बोट तेलकट. गरमीच्या दिवसांत त्या डागाला चक्क घाम यायचा.

दोन घरं सोडून एक निवृत्त टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारे कारागीर, राहतात. ते बघायला आले. खाली वाकले, बोट डागावर टेकवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ताई, हे कटिंग ऑइल. इथे लेथ होतं. माझं नाही, माझं दोन हात पलीकडे, तुमचं कपाट आहे ना, तिथे." धातू कापताना सोडायचं ते तेल तीस वर्षं ठिबकत होतं आणि काँक्रीट ते पीत होतं. तेल प्यायलेल्या काँक्रीटवर फरशी धरत नाही, मिस्त्री कितीही चांगला असो. वरचा थर छिन्नीने काढून पुन्हा भरावा लागला. जाता जाता ते म्हणाले, "विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं."

घर घेताना मी दलालाला विचारलं, वकिलाला विचारलं, बँकेला विचारलं. जो माणूस त्या जमिनीवर तीस वर्षं उभा होता, त्याला विचारायचं सुचलं नाही. म्हणून सांगते, अशा वस्तीत पहिला प्रश्न 'किती खोल्या' हा नाही. पहिला प्रश्न 'आधी इथे काय बनायचं?'

कारण प्रत्येक धंदा जमिनीत आपापलं काहीतरी सोडून जातो. आमचं तेल त्या मानाने गरीब. धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस धुवायला अनेक ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं विषारी द्रावक वापरायचे. ते पाण्यापेक्षा जड. सांडलं की भूजलाच्याही तळाशी जाऊन बसतं आणि तिथून त्याची वाफ वर येते, जोत्याच्या फटींतून, नळ जिथून आत शिरतो त्या भोकातून. घरात वास येईलच असं नाही. मुलामा देण्याचं काम असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. कातडी कमावण्याच्या जागी पुन्हा क्रोमियम. लाकडाला कीड लागू नये म्हणून ते मुरवत असतील तर आर्सेनिक. जमिनीखाली इंधनाच्या टाक्या असतील तर बेंझिन, कारण लोखंडी टाकी कधी ना कधी गंजणारच. आणि कोळशापासून गॅस बनवणारा जुना कारखाना असेल तर खोदताना निळी माती लागू शकते. गॅस लोहाच्या मिश्रणातून गाळून शुद्ध करायचे. त्यातलं सायनाइड लोहाला चिकटून निळा रंग तयार होई. चित्रकारांच्या डबीतला प्रशियन ब्लू तो हाच. दिसायला सुरेख, पण त्या मातीत मुलांनी खेळावं अशी ती नाही.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कनाल नावाची अर्धवट खोदलेली कालव्याची खाच होती. 1942 ते 1953 या काळात एका रसायन कंपनीने तिथे सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता आणि 'पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही' असंही लिहिलेलं होतं. शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. घरं घेणाऱ्यांपैकी अनेकांना त्या ओळीचा पत्ताच नव्हता. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. दोन वर्षांनी, 1980 मध्ये, अशा जमिनी साफ करायचा 'सुपरफंड' कायदा झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क गावी अडीचशेहून जास्त घरं रिकामी केली, कारण ती रासायनिक कचऱ्याच्या पुरलेल्या पिंपांवर उभी होती. अशा कचऱ्यातली काही द्रावकं प्लास्टिकच्या नळातून आत झिरपतात, हेही लक्षात असू द्या. म्हणजे नळ फुटला नाही म्हणून पाणी चांगलं, असं होत नाही.

घाबरवायला हे सांगत नाही. मी स्वतः तिथेच राहते. पण शोध घेता येतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे आहेत. भट्टी कुठे, टाकी कुठे, छप्पर कशाचं, सगळं त्यात दाखवलेलं. प्रत्येक ठिकाणी असं आयतं मिळणार नाही, पण जुना नकाशा, जुना परवाना, जुना फोटो, नाहीतर जुना कामगार, यांपैकी काहीतरी सापडतं. त्यावरून मातीचे नमुने कुठून घ्यायचे ते ठरतं. भलत्याच कोपऱ्यातला नमुना स्वच्छ निघाला, त्याचा उपयोग काय?

आणि 'जमीन साफ केली आहे' हे वाक्य ऐकलंत की थांबा. कशासाठी साफ? गोदामासाठी एक पातळी पुरते, परसबागेसाठी तीच चालत नाही. शिवाय पुष्कळदा खराब माती उचलून नेत नाहीत, तिच्यावर चांगल्या मातीचा किंवा काँक्रीटचा थर देऊन ती झाकतात. ती पद्धत वाईट नाही. पण मग त्या अंगणात खोल खड्डा घेऊन झाड लावणं म्हणजे आपणच झाकण उघडणं. भाज्या लावायच्या तर वाफे उंच बांधून, बाहेरची माती आणून. आमच्याकडे तसेच आहेत.

छपराचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर अखंड आहेत तोवर त्रास कमी. कापू नका, ड्रिल मारू नका, काढायला शिकलेली माणसं बोलवा. कागदपत्रांचं वकील सांगेलच. एवढंच पाहा की तिथे राहायची परवानगी आहे. 'स्टुडिओ' म्हणून विकलेल्या जागेत झोपणं कायद्याने चालतं की नाही, हे विमा कंपनी नेमकं आग लागल्यावर विचारते.

आता प्रेमाचं बोलते. उजेड! करवतीच्या दात्यांसारखं छप्पर पाहिलंय ना? त्या दात्यांची उभी बाजू काचेची असते आणि ती सूर्याकडे पाठ करून बसवतात, उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. यंत्रावर सावली पडू नये, डोळे दिपू नयेत, म्हणून. तो उजेड दिवसभर सारखा राहतो. मी सकाळी तिथे वाचायला बसते, दुपार कधी झाली ते कळत नाही. त्याची किंमत म्हणजे थंडीत सगळी ऊब छताशी जाऊन बसते आणि आपण खाली कुडकुडतो. शिवाय बैठकीच्या मधोमध एक ओतीव लोखंडाचा खांब आहे, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

शेजाराशीही. आमच्या गल्लीत एक वर्कशॉप अजून चालू आहे. सकाळी सातला ठोकाठोक सुरू. नव्याने आलेल्या एका कुटुंबाने त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज फिरवला, माझ्याकडेही सहीला आला. मी केली नाही. वर्कशॉप आधीचं, आपण नंतरचे. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 पासून हेच तत्त्व आहे, आवाजाच्या शेजारी जो नंतर येतो त्यानेच बंदोबस्त करायचा. मी जाड काचेच्या दुहेरी खिडक्या बसवल्या. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनबद्दल लिहिताना 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द काढला. पैसेवाले येतात आणि कष्टकऱ्यांना तिथे राहणं परवडेनासं होतं, ती प्रक्रिया. माझं घर त्या प्रक्रियेत मोडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निदान सही तरी करायची नाही.

ते टर्नर अजून येतात. कपाट मी हलवलं. त्याखाली काँक्रीटमध्ये चार बोल्ट होते, त्यांच्या यंत्राचे. सगळे कापायला माणूस आला होता. ते म्हणाले, "एक राहू द्या." राहिला आहे. ते आले की खुर्ची ओढून बरोबर त्याच्याशेजारी बसतात. बाकी पाहुण्यांच्या अंगठ्याला तो लागतो.