रेचलबाईंच्या अब्रूचे कागद

[दृश्य: सकाळ, बागेतली समाधी]

टेनेसीतलं नॅशव्हिल शहर, आणि त्याच्याजवळचा हा हर्मिटेज वाडा. बागेत खांबांवर तोललेला घुमट, खाली रेचल जॅक्सन यांची, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नीची कबर. शिळेवर कोरलंय: निंदेनं ती घायाळ होऊ शकली, बेअब्रू नाही.

[दृश्य: कायद्याचं पान, बोट ओळीवरून सरकतं]

आता हा कागद सावकाश वाचू. डिसेंबर १७९०, व्हर्जिनियाची विधानसभा; केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं. रेचलबाईंचे पहिले पती लुइस रोबार्ड्स यांनी काडीमोड मागितला होता. विधानसभेनं तो दिला नाही, फक्त दावा लावायची मुभा दिली. त्यासाठी ‘केंटकी गॅझेट’मध्ये सलग आठ आठवडे नोटीस छापायची, मग ज्युरीपुढे सुनावणी. ज्युरीनं बायकोला व्यभिचारी ठरवलं, तरच लग्न मोडणार. सरहद्दीवरच्या नॅशव्हिलमध्ये मात्र बातमी आली ती काडीमोड झाल्याचीच.

[दृश्य: नॅचेझ, मिसिसिपीचा उंच काठ]

१७९१ मध्ये आपण इथं लग्न केलं, असं रेचलबाई आणि अँड्र्यू जॅक्सन सांगत. तेव्हा हा मुलूख स्पेनचा, इथं कायद्याला कॅथलिक विधीच मान्य. या लग्नाची नोंद आजवर सापडलेली नाही. काडीमोडाचा खरा निकाल लागला २७ सप्टेंबर १७९३ रोजी, म्हणून जानेवारी १७९४ मध्ये नॅशव्हिलला पुन्हा लग्न लागलं.

[दृश्य: छापील पानं, जवळून]

१८२७ मध्ये जॅक्सन अध्यक्षपदाच्या रिंगणात होते. सिनसिनाटीचे संपादक चार्ल्स हॅमंड यांनी हे सगळं उकरून काढलं आणि रेचलबाईंना छापून व्यभिचारिणी म्हटलं. त्यावर नॅशव्हिलमध्ये जॅक्सनच्या समर्थकांची समिती बसली, अध्यक्ष जॉन ओव्हरटन. निवड अचूक होती. तरुणपणी ते केंटकीत रोबार्ड्सच्या आईकडे राहायला होते, नंतर नॅशव्हिलमध्ये रेचलबाईंच्या आईकडे. दोन्ही घरं आतून पाहिलेला साक्षीदार आणखी कुठून आणणार? जुन्या शेजाऱ्यांच्या, त्यात वयस्कर बायकांच्याही, जबान्या जमवल्या. नवरा संशयी होता, रेचलबाईंचं वागणं स्वच्छ होतं, हेच त्या सांगतात. जून १८२७ मध्ये सगळं छापून निघालं.

पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी पुरावा म्हणून तोकड्या पडतात. ओव्हरटन लिहितात, कोर्टाचा निकाल १७९३ च्या अखेरीस कळला आणि पुन्हा लग्नाचा परवाना काढायचा सल्ला आपणच जॅक्सनना दिला. तोच परवाना विरोधकांच्या हाती लागला: पहिलं लग्न खरं होतं, तर दुसरं कशाला? जॅक्सन आणि ओव्हरटन, दोघेही वकील. १७९० च्या कायद्याची नक्कल मागवून वेळीच वाचली असती, तर एवढ्या जबान्या लागल्याच नसत्या. चूक कागद न वाचणाऱ्यांची, आणि शिवी खाल्ली रेचलबाईंनी.

[दृश्य: वाड्याचा जिना, मग पुन्हा बाग]

१८२८ च्या निवडणुकीत जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ अशा इलेक्टोरल मतांनी, म्हणजे राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी जिंकले. २२ डिसेंबरला रेचलबाई गेल्या. २४ तारखेला त्यांना इथं पुरलं.

[दृश्य: शिळा. निवेदन नाही.]